पांढऱ्या पदराचा उजेड

प्रकाशा,
४ फेब्रुवारी २०२५

ती. नणंदबाई तापीबाई यांस,
नूतनचा नमस्कार.

एके सकाळी मी म्हशीचं दूध काढून बादली ओट्यावर ठेवली होती. गोठा झाडून शेण उकिरड्यावर टाकलं होतं आणि चुलीपुढे बसून कळण्याची भाकरी थापत होते. तेव्हा तुमचे भाऊ कॅमेरा घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "हलू नको." मी म्हटलं, "भाकरी करपेल." म्हणाले, "करपू दे."

फ्लॅश त्यांनी माझ्या तोंडावर मारला नाही. त्याचं डोकं वळवून चुन्याच्या भिंतीकडे केलं. भिंत उजळली आणि भिंतीवरून तो उजेड माझ्यावर आला. डोळे दिपले नाहीत. फोटो दाखवला तेव्हा मी विचारलं, "ही कोण बाई?" म्हणाले, "माझी बायको. सरळ तोंडावर मारला असता तर माझी सासू दिसली असती." मी उलथनं फेकलं, त्यांनी चुकवलं. त्या सकाळी बाकी काही घडलं नाही. चहा पिऊन ते तळोद्याच्या लग्नाला निघून गेले.

हे तुम्हाला सांगायला कारण आहे. तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवलाय आणि घरच्या ग्रुपमधून मला काढलंय, म्हणून पोस्टाने लिहिते. बोलणं तुम्ही मधेच तोडता, पत्र तोडता येत नाही. फाडता येतं, पण त्यासाठी आधी हातात घ्यावं लागतं.

तुमच्या भूमिकाच्या साखरपुड्याचे मी काढलेले फोटो बिघडले, हे मी नाकारत नाही. तुमच्या अंगणातल्या मांडवाला हिरवं कापड होतं. हे वर फ्लॅश करून फोटो काढायचे ते मी संसारभर पाहिलं. तसाच मी वर केला. पण डोक्यावर काय आहे, हे पाहून मगच ते फ्लॅश वर करायचे, आणि ते मी पाहिलं नाही. उजेड ज्याच्यावर आपटतो त्याचा रंग घेऊन खाली येतो. पांढऱ्यावर आपटला तर पांढरा, हिरव्यावर आपटला तर हिरवा. कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर उन्हात मला काही नीट दिसलं नाही. म्हणून भूमिका, होणारे जावई, तुम्ही, सगळेच हिरवे आलात. नंतर ह्यांच्या पेटीतलं फोटोचं जुनं पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचलं. त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चूक माझी होती आणि ती कापडाची चूक होती. माझ्या उघड्या कपाळाचा तिच्याशी काही संबंध नाही.

तरी तुम्ही सगळ्या नातेवाइकांत सांगितलंत की हळदीला नूतन येणार नाही. आणि फ्लॅश, कॅमेरा शहाद्याला तुमच्या दिराच्या मुलाच्या, योगेंद्रच्या स्टुडिओत पोहोचवायला सांगितलंत.

मी पोहोचवणार नाही. भूमिका लहानपणी गुऱ्हाळावर भाजली, तिच्या डाव्या गालावर उकळता रस उडाला, तेव्हापासून ती फक्त मामाच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. सरळ फ्लॅश मारला की भाजलेली कातडी तेल लावल्यासारखी चमकते. हे तिला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. "तुझी हळद मीच काढणार," असा शब्द मामाने तिला दिला होता. ते गेले. शब्द घरात आहे. हळदीचे फोटो मी काढीन.

तुमची,
नूतन

⁂

सारंगखेडा,
१५ फेब्रुवारी

नूतन,

पत्र मिळालं. फाडलं नाही. पोस्टमनसमोर फाडलं असतं तर गावाला तमाशा झाला असता.

तू मला भिंत शिकवतेस, कापड शिकवतेस. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण आंधळी नाही. विहिणीने तो फोटो मोबाईलवर मोठा करून पाहिला आणि चारचौघींत विचारलं, "पोरीला कावीळ झाली होती का हो?" मी काय सांगायचं? माझी पोर मढ्यासारखी दिसत होती. साखरपुड्याच्या पाटावर बसलेली पोर, आणि तोंड मढ्याचं! मन्हा भाऊना हातना फोटो असा कधी उना नही. कापडं तेव्हाही हिरवी होती, निळी होती, ताडपत्र्या होत्या. त्याच्या हातून नाही झालं ते तुझ्याच हातून का झालं? तुले काय वाटस, माले काही समजत नही?

मी तुला वाईट म्हणत नाही. देवाने तुझं जे केलं ते केलं. पण ज्याची जागा त्याने ओळखावी. हळदीला पाच सवाष्णी लागतात. त्यांच्यासमोर तू पांढरं नेसून त्या काळ्या यंत्राला डोळा लावून पोरीकडे बघत बसणार, हे कुठल्या घरात चालतं ते दाखव. लग्नाच्या दिवशी जेवायला ये. मागच्या खोलीत म्हाताऱ्या बसतात तिथे बस. तेवढा तुझा मान मी ठेवीन.

फ्लॅश, कॅमेरा, फ्लॅशला बांधायचं ते पांढरं कार्ड आणि ती श्रीखंडाची डबी, जी तो फ्लॅशला टोपीसारखी घालायचा, सगळं योगेंद्रकडे दे. योगेंद्रचा स्टुडिओ आहे, बोर्ड आहे, त्याच्याकडे दोन माणसं कामाला आहेत. आणि ती डबी तर माझ्याच घरची आहे. पाडव्याला श्रीखंड भरून मी त्याला दिली होती, परत आली नाही. हाऊ फ्लॅश मन्हा भाऊना शे, तुन्हा नही. तू या घरात येण्याआधी तो माझा भाऊ होता. माझ्या कडेवर वाढला.

भूमिकाचं मला सांगू नको. ती माझ्या पोटची आहे.

तापीबाई

⁂

प्रकाशा,
३ मार्च

ती. तापीबाई यांस,

पाकिटावर तुम्ही माझ्या नावाआधी "गं. भा." लिहिलंत. पोस्टमनने ते दारातून मोठ्याने वाचलं, तेव्हा शेजारची मीनाबाई धान्य निवडत होती. ती मान खाली घालून पुन्हा धान्य निवडू लागली. मी विधवा आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पाकिटावर लिहिलं नसतं तरी पत्र चुकलं नसतं.

तुम्ही पांढऱ्याचं लिहिलंत. मी आपणहून पांढरं नेसले नाही. तेराव्याला दोन पांढरी पातळं तुम्ही आणलीत आणि माझ्या अंगावर टाकलीत. हे असताना मी निळी, हिरवी, जांभळी नेसत होते. तुमच्या गावात माझ्या वयाच्या विधवा आता रंगीत नेसतात, हे मी पाहिलंय. पण तुम्ही म्हणालात, आमच्या घरात नाही. मी वाद घातला नाही. त्या दिवसांत मला अंगावर काय आहे ते कळतही नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते. पटणार नाही, हे माहीत असून सांगते.

गेल्या आठवड्यात तोरणमाळच्या चढाखालच्या एका पाड्यावर मी लग्नाचे फोटो काढून आले. करणसिंग नावाचा माणूस दरवर्षी ऊसतोडीला आपल्याकडे येतो. ह्यांनी त्याच्या घरचे फोटो पूर्वी काढले होते. त्याची मुलगी निशा, तिचं लग्न होतं. ह्यांना बोलवायला आला, तेव्हा त्याला कळलं. ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "मग तूच चल."

तिथे अंगणात ना भिंत होती ना छत. डबी अशा ठिकाणी कामाची नाही. तिच्यातून उजेड चारी बाजूंना पसरतो आणि त्याला परत फिरवायला काहीतरी लागतं. मी पांढरं कार्ड रबराने फ्लॅशला बांधलं, तर वाऱ्याने ते हिसकून दरीत नेलं. ह्यांनी लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापलेलं होतं ते. मला रडू आलं. निशा अंगणात बसलेली, तिच्या अंगावर चांदी, आणि माझ्या हातात नुसता फ्लॅश. तो सरळ मारला असता तर चांदी पेटली असती आणि पोरगी काळी पडली असती.

मग मी डावा हात लांब केला, पदर त्याच्यावर पसरला आणि फ्लॅशचं डोकं पदराकडे वळवून मारला. उजेड पदरावर आपटून निशाच्या तोंडावर गेला. तिची आई कालीबाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ओ बाई, बगळीसारखे पंख काय पसरते? मासा धरते का?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून लिहिते. मग कालीबाईने माझं मनगट धरून मला बायकांच्या मधोमध नेऊन उभं केलं. म्हणाली, "तिथून काय दिसते? इथून काढ." कुणी माझं कपाळ पाहिलं नाही. तिथे सगळं चांगलंच असतं असं मी म्हणत नाही. त्या दिवशी एवढं झालं, ते सांगते.

निशाचा फोटो सोबत पाठवते. तुम्ही आणलेल्या पातळाचा उजेड आहे तो. बघा आणि सांगा, यात मढं कुठे आहे.

फ्लॅश आणि कॅमेरा मी देणार नाही. डबीही नाही. फ्लॅश बसावा म्हणून ह्यांनी तिच्या तळाला कात्रीने खाच पाडली आहे. तिच्यात आता श्रीखंड राहणार नाही.

नूतन

⁂

सारंगखेडा,
२४ मार्च

नूतन,

परक्या पोरींचे फोटो मला पाठवू नको. परत पाठवते आहे.

तू डोंगरात जाऊन लग्नं लाव, नाच, काय करायचं ते कर. इथे आमचं नाव आहे. आणि मी पातळं आणली म्हणून ऐकवतेस? माझा भाऊ गेला होता. मी दुकानात उभी राहून काय मागितलं हे मलाही आठवत नाही. आणायला दुसरं कोण होतं? तुझ्या माहेरचं कुणी आलं होतं का?

योगेंद्रने नवा फ्लॅश घेतला आहे. त्याला पांढऱ्या प्लास्टिकची तयार टोपी मिळते, त्याला डिफ्यूझर म्हणतात. तुझ्या डबीची गरज राहिली नाही. त्याने भूमिका आणि जावयांचे तापीच्या पुलावर फोटो काढले. चांगले आले. जावई तर फारच छान आले. भूमिका सगळ्या फोटोंत आपल्या डावीकडे बघते आहे. लाजाळू आहे पोर. योगेंद्र म्हणाला, "काकू, तिला सांगा जरा इकडे बघ." मी सांगितलं, तर पदर ओढून घेतला. एका फोटोत तोंड समोर आलं, तो तिने मोबाईलमधून काढून टाकला. मी पाहिला होता. गालावर उजेड असा बसला होता की जसं कुणी त्याच जागेवर पुन्हा रस ओतलाय. योगेंद्रचा दोष नाही, त्याने टोपी लावली होती. पण तिथे उघडं आकाश, उजेड परतायला काही नाही, तू लिहिलं होतंस तसं. ते मी त्याला सांगितलं नाही. तुझं नाव घ्यायचं नव्हतं.

आता पुढचं ऐक. पोर हट्टाला पेटली आहे. म्हणते, हळदीला योगेंद्रदादा कॅमेरा घेऊन उभा राहिला तर मी गाल पदरात झाकून बसेन, मग हळद पदराला लावा. दोन दिवस जेवली नाही. व्याह्यांकडून हळद घेऊन बायका येणार, त्यांच्यासमोर हा तमाशा मला नको.

म्हणून ये. पण माझ्या अटीवर. पांढरं नेसायचं नाही. भावाने तुला दिवाळीला घेतलेली मोरपंखी साडी आहे ना, ती नेस. कपाळाला टिकली लाव. व्याह्यांकडच्या बायकांना काही कळायला नको. साखरपुड्याला त्यांचे पुरुषच आले होते, तुला त्या ओळखत नाहीत. कुणी विचारलं तर शहाद्याहून बोलावलेली फोटोवाली बाई आहे, असं मी सांगेन. तू मान हलव. मामी म्हणून पुढे येऊ नको, पोरीला हात लावू नको. काम झालं की मागच्या दाराने जा.

लग्नाच्या दिवशी योगेंद्र आहेच. त्या दिवशी मुंडावळ्या असतात, गाल झाकतो.

पत्राला उत्तर लिहू नको. इथे सगळे वाचतात. मान्य असेल तर गप्प राहा.

तापीबाई

⁂

सारंगखेडा,
२६ एप्रिल

नूतन,

तू गप्प राहिलीस. मी समजले, मान्य आहे. असं फसवतात का माणसाला?

पाट मांडलेला, सवाष्णी बसलेल्या, व्याह्यांच्या बायका नुकत्या टेकलेल्या, आणि तू पुढच्या दाराने आलीस. पांढरीशुभ्र. कपाळ उघडं. मागचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं! मी पुढे झाले, तुला हाताने थांबवलं, तर तू काय म्हणालीस? "तापीबाई, उजेडात उभ्या आहात, जरा बाजूला व्हा." माझ्याच दारात, माझ्या पोरीच्या हळदीला! माय वं, मला आयुष्यात असं कुणी बाजूला सारलं नाही.

विहीण म्हणाली, "ह्या कोण?" मी तोंड उघडलंच होतं, की फोटोवाली बाई. तेवढ्यात पोर पाटावरूनच ओरडली, "माझी मामी." झालं. सगळ्यांना कळलं. एक म्हातारी उठून आत गेली. मी पाहिलं, तू नाही पाहिलंस. तुझा डोळा यंत्राला होता.

आणि ती हळद. मी दारात होते, पोरीची पाठ माझ्याकडे होती, म्हणून विचारते. तुझ्या पदरावर हळद कशी आली? तू लावून घेतलीस की पोरीने लावली? खरं सांग. हळदीच्या पाटावरची हळद, सवाष्णींनी पोरीला लावलेली, ती विधवेच्या पांढऱ्यावर. झोपले की मला तेच दिसतं. पोर सासरी गेली आहे. तिचं काही वाईट झालं तर मी तुझं नाव घेईन.

लग्नाच्या दिवशी तू परत पांढरं नेसून आलीस. मी निरखून पाहिलं, डाग नव्हता. ते पातळ कुठे आहे? धुतलंस का? हळदीला साबण लागला की ती लाल होते, पांढऱ्यावर कुंकू सांडल्यासारखी. तू हेच करायचं ठरवलं असशील, मला ओळखता येतं. ते पातळ तापीत सोड. प्रकाशाला घाट तुझ्या घरापासून चार पावलांवर आहे. सोडलंस की पत्र टाक. मग तुझा माझा संबंध संपला.

आणि हळदीचे फोटो पाठव. विहिणीने मागितलेत. एकही पाठवला नाहीस अजून.

तापीबाई

⁂

प्रकाशा,
२ मे २०२५

ती. तापीबाई यांस,

मी गप्प राहिले, ते तुम्हाला मान्य केलं म्हणून नाही. तुम्ही लिहिलंत, उत्तर लिहू नको. मी लिहिलं नाही.

खरं विचारलंत, खरं सांगते. हळदीच्या सकाळी मी मोरपंखी साडी पेटीतून काढली. नेसले. टिकली लावली. आरशात पाहिलं. मला ती नेसून यायचं होतं, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. फोटोवाली बाई म्हणून का होईना, एक दिवस मी रंगात बसले असते. तुम्हाला वाटत असेल मी तुम्हाला हरवायला पांढरं नेसले. हरवायचं असतं तर मोरपंखीच नेसले असते आणि तुमच्या शेजारी बसले असते.

मग मी पितळेचा हंडा ओट्यावर ठेवला आणि मोरपंखी पदर हातावर पसरून फ्लॅश त्याच्यावर मारला. हंडा निळा-हिरवा आला, शेवाळलेल्या दगडासारखा. तुमच्या मांडवाला या वेळी भगवं कापड होतं, ते मला भूमिकाने फोनवर सांगितलं होतं. भगव्यावर मारला असता तर पोर विटेसारखी आली असती. माझं कार्ड दरीत गेलेलं आहे. नवं पुठ्ठ्याचं करता आलं असतं, पण ते वीतभर. पाटावर बसलेल्या पोरीला, दोन्ही बाजूंनी सवाष्णी, मधे ताट, तेवढ्याने काय होणार? पदर मोठा आहे आणि पांढरा आहे. म्हणून मी मोरपंखी सोडली, तुम्ही आणलेलं पातळ नेसले आणि पुढच्या दाराने आले. मागच्या दाराने आले असते तर भूमिकाचा डावा गाल भिंतीकडे राहिला असता.

"बाजूला व्हा" म्हणाले, त्याचा राग आहे तुम्हाला. तुम्ही खरंच उजेडात उभ्या होतात. तुमची सावली तिच्यावर पडत होती.

म्हातारी उठून गेली, ते मी पाहिलं. तीन फोटोंत ती उठून आत जाताना दिसते आहे.

आता हळदीचं. मी लावून घेतली नाही. तुमच्या पाचही सवाष्णींची हळद लावून झाल्यावर भूमिका मला म्हणाली, "मामी, जवळ ये. लांबून काढू नको." मी जवळ गेले, डावा हात तिच्या गालाशी आणला, पदर पसरला. ती म्हणाली, "पहिली हळद मामा लावणार होता." मी म्हटलं, "सरळ बस. बोलू नको, गालाची घडी पडते." तिने आपल्याच गालावरची हळद बोटांनी पुसून घेतली. डाव्या गालावरची, भाजलेल्या जागेवरची. आणि माझ्या पदरावर, जिथे उजेड आपटत होता तिथे, पाची बोटं ओढली. मी हात मागे घेतला नाही. घेता आला असता. तुम्हाला दोष द्यायचाच असेल तर एवढा द्या.

त्यानंतरचे फोटो वेगळे आले. पांढऱ्यावरून येणाऱ्या उजेडात हळदीचा रंग मिसळला आणि तो तिच्या डाव्या गालावर पडला. डाग दिसतो. लपलेला नाही, मी लपवायला काढले नव्हते. पण तो चमकत नाही. पोर कॅमेऱ्याकडे बघते आहे. सगळ्या फोटोंत समोर बघते आहे. तुम्ही म्हणता लाजाळू आहे. बघा.

सगळे फोटो मी भूमिकाला दिले आहेत. तिचे आहेत. विहिणीला दाखवायचे की नाही, हे ती ठरवेल. तुम्हाला हवे असतील तर तिच्याकडून मागा.

एक फोटो मी कुणालाच दिला नाही. तुम्ही दारात उभ्या आहात, हळदीची वाटी हातात तशीच, पोरीकडे बघताय. मी हात उचलला तेव्हा पदराचा उजेड तुमच्यापर्यंत गेला असावा. तुमचं नाक, तुमची हनुवटी, रडू आवरताना दाबलेला खालचा ओठ, सगळं तुमच्या भावाचं आहे. मी तो फोटो पाहिला आणि बराच वेळ बाजूला ठेवता आला नाही. तो मी पोस्टाने पाठवणार नाही. पाहायचा असेल तर इथे या. दार एकच आहे, पुढचं.

संबंध संपला, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्याकडून संपला असेल. भूमिका पहिल्यांदा माहेरी आली की इथेही येणार आहे, तसं तिने सांगितलंय. तिला तुम्ही अडवू नका, आणि अडवलंत तर ती थांबणार नाही.

राहिलं ते पातळ. हळदीच्या दुसऱ्या दिवशी मी म्हशीचं दूध काढलं, गोठा झाडला, ते पातळ न धुता घडी घालून ह्यांच्या कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवलं, दुसरं पांढरं नेसले आणि लग्नाला आले.

नूतन